मित्राची चूक कुणाला सांगावी?

सामान्य काळातील तेविसावा रविवार, वर्ष 'अ'
वाचने : यहेज्केल ३३:७-९, रोमकरांस पत्र १३:८-१०, मत्तय १८:१५-२०



गेल्या रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर सातवीतला एक मुलगा सॅक्रिस्टीच्या दाराशी घुटमळत उभा होता. बाकीची मुले निघून गेली तरी तो जाईना. शेवटी आम्हीच विचारले, "काय रे, काही हवं आहे का?" तेव्हा तो हळूच म्हणाला, "फादर, वर्गातला मित्र वाईट वागतो, हे मी सांगितलं तर ती चहाडी होते का?" आम्ही म्हणालो, "कुणाला सांगितलंस, त्यावर ते आहे." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अजून कुणालाच नाही सांगितलं. त्यालाच सांगायची भीती वाटते."

मुलगा घरी गेला, पण त्याचा प्रश्न आमच्याजवळ राहिला. आजचे शुभवर्तमान उघडले तर त्याच प्रश्नाचे उत्तर समोर दिसले. म्हणून आजचे हे चिंतन प्रामुख्याने आपल्या शाळकरी मुलामुलींसाठी आहे. मोठ्यांनीही ते वाचावे, कारण चार भिंतींच्या वर्गात मुले जे करतात ते बहुधा आपल्या ओट्यावरच शिकलेली असतात.

प्रभूने घालून दिलेला क्रम

संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशू एक साधा क्रम सांगतो. भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जावे आणि चूक दोघांमध्येच दाखवावी. त्याने ऐकले तर भाऊ परत मिळाला. ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही, तरच ख्रिस्तसभेला सांगावे. तिचेही ऐकले नाही तर त्याला परका किंवा जकातदार समजावे.

आता आपल्या मुलांच्या वर्गात काय चालते ते पाहू. एखादा मुलगा परीक्षेत कॉपी करताना दिसला, एखादीने मैत्रिणीच्या दप्तरातून पेन उचलले, एखादा शिवी देऊन बोलला, की ती गोष्ट मधल्या सुट्टीत साऱ्या वर्गाला कळते. संध्याकाळी ती व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटोसकट फिरते. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या कानावर जाते. मग घरोघरी आईबाबांना समजते. आणि ज्याने चूक केली त्याच्याशी समोर बसून शांतपणे बोलणारा मात्र एकही सापडत नाही. प्रभूने सांगितलेला क्रम आपण बरोबर उलटा केला आहे. आधी जगाला, मग चौघांना, आणि त्याला एकट्याला कधीच नाही.

हा क्रम काही उगाच लावलेला नाही. चूक एकट्याला सांगितली तर सुधारायला वाव राहतो. सर्वांसमोर सांगितली तर त्या मुलाला आधी आपले तोंड वाचवावे लागते. तो सबबी सांगतो, उलट आरोप करतो, नाहीतर हसून खोटी बेफिकिरी दाखवतो. सुधारायचे मनात असले तरी तेवढ्या माणसांसमोर ते त्याला जमत नाही.

चहाडी आणि सुधारणा

मग चहाडी कशाला म्हणावे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला आहे, हे आम्ही वाचले होते. बंधूची चूक दाखवून त्याला सुधारणे हे प्रीतीचे कृत्य आहे, असे ते मानतात. भुकेल्याला अन्न देणे हे जसे दान, तसेच हेही दान, किंबहुना त्याहून मोठे. म्हणूनच ख्रिस्तसभेने चुकणाऱ्याला सावध करणे हे आध्यात्मिक दयेच्या सात कृत्यांमध्ये धरले आहे. मात्र संत थॉमस एक अटही घालतात. स्थळ, काळ आणि माणूस पाहून बोलावे. बोलल्याने तो माणूस अधिकच बिघडेल अशी भीती असेल तर तूर्त थांबावे.

यावरून बालमित्रांनो, एक सोपी कसोटी तुम्हाला सांगतो. तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे सांगितल्यावर माझा मित्र माझ्या अधिक जवळ यावा असे मला वाटते, की तो सर्वांच्या नजरेतून उतरावा असे? पहिले असेल तर ती सुधारणा. दुसरे असेल तर ती चहाडी, मग बातमी अगदी शंभर टक्के खरी का असेना.

फळ्यावर नावे लिहिणाऱ्या मॉनिटरचे काम वेगळे. शिक्षकांनी दिलेले काम तो करतो, त्यात काही चूक नाही. पण नुसती नावे लिहून कुणी सुधारल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

दुसरीकडे गप्प राहणे हेही नेहमी चांगुलपण नसते. "आपण बरे नि आपले काम बरे" असे आपण म्हणतो. पहिल्या वाचनात देव यहेज्केल संदेष्ट्याला पहारेकरी म्हणून नेमतो आणि बजावतो की धोका दिसूनही तू बोलला नाहीस तर त्याचा जाब तुला द्यावा लागेल. संत अगस्तीन यांनी आपल्या मठातील बंधूंसाठी लिहिलेल्या नियमांत एक दाखला दिला आहे. भावाच्या अंगावर जखम आहे आणि वैद्य ती कापील या भीतीने तो ती लपवतो आहे. अशा वेळी तुम्ही गप्प राहिलात तर ती दया नव्हे, तो क्रूरपणा आहे. मग मनाची जखम लपवणाऱ्याविषयी काय म्हणावे?

किएरी गावातले दोन वर्गमित्र

संत जॉन बॉस्को यांचे नाव आपल्यापैकी सर्वांनी ऐकले आहे. पण ते संत होण्याआधी इटलीतील किएरी या गावी शाळेत शिकणारा, गरीब घरचा, दणकट अंगाचा मुलगा होते, हे आपण विसरतो. त्यांनी आपल्या आठवणींत शाळेचे ते दिवस लिहून ठेवले आहेत.

वर्गातली काही उनाड मुले त्यांना जुगाराला, हुंदडायला बोलवत. एकाने तर घरमालकिणीची वस्तू चोरून आणण्याचा सल्ला दिला होता. जॉनने त्या नादापासून स्वतःला दूर ठेवले. पण पुढे हीच मुले अभ्यासात मागे पडली आणि त्याच्याकडे मदत मागू लागली. आधी तो त्यांना गृहपाठ आयता देई. शिक्षकांनी ते चूक आहे म्हणून सांगितले, तेव्हा तो त्यांना अवघड भाग समजावून देऊ लागला. मुले खेळायला येऊ लागली, गोष्टी ऐकायला येऊ लागली, अभ्यासाला बसू लागली. त्यातूनच १८३२ च्या सुमारास त्यांची 'आनंद मंडळी' उभी राहिली. तिचे नियम थोडके होते. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलणे आणि वागणे टाळायचे, शाळेची व धर्माची कर्तव्ये नीट पार पाडायची, आणि आनंदी राहायचे. जॉनने उनाड मुलांना उपदेश केला नाही. आधी त्यांचे गणित नि व्याकरण सोडवायला मदत केली. उपदेशाचा हक्क त्याला त्यातून मिळाला.

पण खुद्द जॉनलाही सुधारणारा कुणीतरी हवा होता. लुईजी कोमोल्लो नावाचा एक शांत मुलगा पुढे त्याच शाळेत आला. एकदा शिक्षक यायला उशीर झाला असताना एका दांडग्या मुलाने त्याला खेळायला ओढले. त्याने नकार दिला तेव्हा त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. कोमोल्लो वयाने मोठा आणि ताकदवान होता, पण त्याने उलटा हात उगारला नाही, क्षमा केली. दुसऱ्या एका प्रसंगी मुले कोमोल्लोला मारायला धावली तेव्हा जॉनचा संयम सुटला. हाताशी काठी नव्हती, म्हणून त्याने एका मुलालाच खांद्याला धरून उचलले आणि सोट्यासारखा फिरवून बाकीच्यांना झोडपले!

सारा वर्ग त्याच्या ताकदीने थक्क झाला. कोमोल्लोने मात्र, ज्याच्यासाठी हे सारे घडले त्या कोमोल्लोने, नंतर एकांतात गाठून त्याला समजावले की देवाने ही शक्ती सोबत्यांना चिरडण्यासाठी दिलेली नाही. त्याची इच्छा आहे की आपण प्रेम करावे, क्षमा करावी. जॉनने ते ऐकून घेतले. ख्रिस्ती माणसासारखे जगायला आपण या मित्राकडून शिकलो, असे ते पुढे मोकळ्या मनाने लिहितात.

बंधू-भगिनींनो, इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. कोमोल्लोने चूक दाखवली ती एकांतात. आणि ती दाखवली आपली बाजू घेणाऱ्या मित्राला. आपल्या विरोधकाची चूक दाखवणे सोपे असते. आपल्यासाठी भांडणाऱ्याला 'तू चुकलास' म्हणायला जास्त धैर्य लागते.

तरुणांचा गुरू झाल्यावर डॉन बॉस्को ही गोष्ट विसरले नाहीत. तुरीन येथील त्यांच्या वसतिगृहात नव्या मुलाला एखाद्या भरवशाच्या सोबत्याच्या हाती सोपवण्याची रीत होती. मिकेले मागोने हा मुलांच्या टोळीचा म्होरक्या. १८५७ साली तो तिथे आला तेव्हा त्याच्या तोंडी वेडीवाकडी गाणी नि शब्द असत. सोपवलेला सोबती त्याला हळूच सावध करी आणि मागोने त्याचे आभार मानी. पुढे तो उदास दिसू लागला तेव्हा ते आधी त्या सोबत्याच्याच लक्षात आले, आणि त्यातूनच मागोने पापनिवेदनाकडे वळला. याच घरात संत डॉमिनिक साविओ आणि त्याच्या मित्रांनी १८५६ साली निष्कलंक मातेच्या नावाने एक मंडळ काढले होते. त्यातील मुले एकेका वात्रट वा एकट्या पडलेल्या सोबत्याची काळजी वाहत. डॉमिनिक १८५७ साली, पंधरावे वर्ष पुरे होण्याआधी, देवाघरी गेला. इतक्या लहान वयात त्याने जे केले, ते करायला मोठी पदवी लागत नाही.

आमची एक चूक

हे सारे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते, तरीही आम्ही चुकलो. ती गोष्ट आज सांगावीशी वाटते.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो आणि तिथल्या शाळेत आमचे रोजचे जाणे-येणे होते. आठवीतला एक मुलगा लहान मुलांना दमदाटी करून त्यांचे डबे काढून घेतो, अशी तक्रार तिघा मुलांनी आमच्याकडे आणली. आम्हाला वाटले, मुले किती जागरूक आहेत! दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्या मुलाला पुढे बोलावले आणि सर्व शाळेसमोर त्याची चांगली खरडपट्टी काढली. तो मान खाली घालून उभा होता. आम्हाला वाटले, त्याला पश्चात्ताप झाला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. रविवारी मिस्सालाही आला नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्याच्या बाकावर शेजारी बसणारा मुलगा, कुणी न सांगता, सायकलवरून त्याच्या घरी गेला. त्याच्याकडून आम्हाला पुढे जे कळले ते ऐकून आम्ही शरमलो. त्या मुलाची आई भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. धाकट्या बहिणीला उठवणे, तिची तयारी करणे, घरात असेल ते तिच्या डब्यात भरणे हे सारे याच्याकडे. स्वतःचा डबा बहुतेक दिवशी नसेच. बाकावरच्या मित्राला ही गोष्ट वर्षभर ठाऊक होती. आम्ही त्याला कधी विचारले नाही, आणि तोही कधी बोलला नाही.

त्या सोबत्याने विहिरीपाशी बसून त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. लहान पोरांचे डबे काढून घेणे वाईट आहे, ते बंद कर. आणि उद्यापासून माझी आई दोन भाकऱ्या जास्त देणार आहे. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच सायकलवरून शाळेत आले.

तो मुलगा एका दिवसात सुधारला, असे आम्ही म्हणणार नाही. त्यानंतरही दोनदा त्याची भांडणे झाली. पण दर वेळी तो शेजारचा मुलगा त्याला बाजूला घेऊन जाई. दहावीपर्यंत तो शाळेत टिकला, हे आम्ही स्वतः पाहिले.

आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याची व त्याच्या आईची क्षमा मागितली. त्याने जमिनीकडे पाहत "ठीक आहे, फादर" एवढेच म्हटले. पण ज्या जागी त्याचा अपमान केला होता त्या जागी, साऱ्या शाळेसमोर क्षमा मागण्याचे धैर्य आम्हाला तेव्हा झाले नाही. ती बाकी अजून आमच्या अंगावर आहे. चूक गुपचूप दाखवायची असते आणि सर्वांसमोर केलेल्या अपमानाची क्षमा सर्वांसमोर मागायची असते. आम्ही दोन्ही उलटे केले. म्हणून आज निदान तुमच्यासमोर तरी ते कबूल करतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोहोंनाही मनाई केली आहे. "छडी गेली आणि शिस्त गेली" असे काही पालक व शिक्षक आम्हाला म्हणतात. छडीने मुलगा गप्प बसतो, हे खरे. पण विहिरीपाशी जे घडले ते छडीने घडले नसते, आणि आमच्या जिभेनेही घडले नाही.

आईबाबांना एक विनंती

"त्या मुलाच्या नादी लागू नकोस" हे वाक्य आपल्या घरोघरी ऐकू येते. काळजी समजते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण त्यासाठीच वापरतो. पण ही म्हण दोन्ही बाजूंनी खरी आहे. गुण वाईटाचा लागतो तसा चांगल्याचाही लागतो. सर्व चांगल्या मुलांनी त्या एका मुलाकडे पाठ फिरवली, तर त्याच्याजवळ कोण उरेल? २०१२ पासून आपल्या राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी कुणाच्या हातून मुलांपर्यंत पोहोचते ते आपण जाणतो. चांगले मित्र दूर गेले की ते हात जवळ येतात.

म्हणून मुलाला मैत्री तोडायला सांगण्याऐवजी, ती कशी राखावी हे शिकवा. त्या मित्राला आपल्या घरी अभ्यासाला बोलवा, आपल्या ताटावर बसवा. आपले मूल त्याच्या घरी जाण्यापेक्षा तो आपल्या घरी येणे अधिक बरे. आणि जेवताना शेजाऱ्यांची उणीदुणी काढणे आपण थांबवले, तर मुलांना चहाडी आणि सुधारणा यांतला फरक वेगळा शिकवावा लागणार नाही.

केव्हा थांबू नये

बालमित्रांनो, एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. काही वेळा एकट्याने जाऊन बोलत बसायचे नसते. मित्र नशा करत असेल, कुणी कुणाला मारहाण करत असेल वा धमकावत असेल, कुणा मोठ्या माणसाने एखाद्या मुलाला वा मुलीला वाईट हेतूने स्पर्श केला असेल, किंवा मित्र जीव देण्याची भाषा बोलत असेल, तर त्याच दिवशी आईवडिलांना, विश्वासाच्या शिक्षकांना किंवा आम्हाला सांगा. मित्राने शपथ घातली असली तरी सांगा. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांकही जवळ ठेवा. ही चहाडी नव्हे. बुडणाऱ्यासाठी हाक मारणे म्हणजे चहाडी नव्हे.

इतर वेळी मात्र प्रभूचा क्रम पाळा. मित्राशी बोलण्याआधी त्याच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणा. त्याला एकटा असताना गाठा. तो रागात असेल तर थांबा. आधी त्याचे काय चांगले आहे ते सांगा, मग एकच चूक सांगा, चुकांची यादी वाचू नका. 'तू वाईट आहेस' असे म्हणू नका, 'हे वागणे तुला शोभत नाही' असे म्हणा. आपलीही एखादी चूक त्याला सांगा. शेवटी त्याला काय मदत हवी ते विचारा. त्याने ऐकले नाही तर त्याच्या आवडीचा एखादा मित्र बरोबर न्या. आणि उद्या तोच तुमची चूक दाखवायला आला तर तोंड फिरवू नका. खुद्द संत पेत्राला संत पौलाने अंत्युखियात चूक दाखवली होती.

शेवटचा जकातदार

प्रभूच्या क्रमातील शेवटची पायरी कठोर वाटते. कुणाचेच न ऐकणाऱ्याला जकातदार समजावे. पण हे शब्द ज्याच्या शुभवर्तमानात आले आहेत तो मत्तय कोण होता? जकातदार. आणि प्रभू त्याच्याशी कसा वागला? नाक्यावर जाऊन त्याला हाक मारली आणि त्याच्या घरी पंक्तीला बसला. चूक ती चूकच, तिला प्रभूने बरोबर म्हटले नाही. पण त्याने दार बंद केले नाही. म्हणजे आपले सारे उपाय संपले तरी प्रीती संपत नाही. संत पौल दुसऱ्या वाचनात हेच सांगतो की एकमेकांवर प्रीती करण्याचे ऋण कधी फिटत नाही.

आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षण वर्गांसाठी आम्ही शिक्षक-शिक्षिकांशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. यापुढे कोणत्याही मुलाला वर्गासमोर उभे करून त्याची चूक सांगितली जाणार नाही. आम्हीही वेदीवरून कुणाकडे बोट दाखवणार नाही. कधी चुकून तसे झाले, तर तुम्ही आम्हाला सॅक्रिस्टीत येऊन, एकट्याला गाठून सांगावे. आम्ही ऐकून घेऊ.

आज मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना मुलांनी आपल्या वर्गातला तो एक चेहरा डोळ्यांसमोर आणावा. आणि सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबलेल्या आमच्या बालमित्रा, तू हे वाचत असशील तर ऐक. भीती वाटते म्हणजे तुला तो मित्र गमवायचा नाही. याच भीतीसकट त्याच्याकडे जा. जिथे दोघे-तिघे प्रभूच्या नावाने एकत्र येतात तिथे तो स्वतः असतो, असे वचन त्याने आजच्याच शुभवर्तमानात दिले आहे. तुम्ही दोघे बोलायला बसाल तेव्हा तिसरा तो असेल.

प्रार्थना करू या : हे प्रभू, आम्हाला एकमेकांचे पहारेकरी कर, पण न्यायाधीश करू नकोस. बोलण्याची वेळ येईल तेव्हा धैर्य दे, थांबण्याची वेळ येईल तेव्हा धीर दे, आणि आमची चूक कुणी दाखवली तर ऐकून घेण्याची नम्रता दे. आमच्या शाळांतील सर्व मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना तुझ्या सोबतीत ठेव. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू